विंगेतून फक्त पहिलं अक्षर: मेंदूला मार लागल्यावर शब्द शोधणाऱ्या माणसाशी कसं बोलावं

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात जत्रेला देवळासमोर मराठी नाटक होतं. गेली ३१ वर्षं त्या नाटकांना मी प्रॉम्प्टिंग करतो, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून शब्द देतो. डाव्या विंगेत स्टुलावर बसायचं, मांडीवर वही, हातात कागद गुंडाळून मंद केलेली बॅटरी आणि बोट चालू ओळीवर. माझा धाकटा भाऊ बाबू समोर उजेडात उभा असायचा. दिवसा तो वायरमन, रात्री नट. नाटकाचे दिवेही तोच बांधायचा. चार वर्षांपूर्वी आषाढात, कामावरून परत येताना त्याची स्कूटर एका वळणावर घसरली. हेल्मेट हुकाला लटकत होतं. १०८ने त्याला बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजात नेलं. डाव्या बाजूला कवटीच्या आत रक्त साचलं होतं, ते त्याच रात्री शस्त्रक्रिया करून काढलं. बाबू वाचला. पण शुद्धीवर आल्यावर त्याच्या तोंडी एकच शब्द होता, ‘आता’. पाणी हवं तर ‘आता’, डोकं दुखतंय तर ‘आता’, बायकोला हाक मारायची तर तीही ‘आता’.

पुढचं सगळं अशा घरांसाठी लिहितोय, जिथे कुणीतरी नुकतं इस्पितळातून परत आलंय आणि घरच्यांना त्याच्याशी काय बोलावं, कसं बोलावं ते कळेनासं झालंय. स्पीच थेरपिस्टने शिकवलेलं आणि आम्ही घरात चुकत शिकलेलं, दोन्ही यात आहे. थेरपिस्टकडे जाणं मात्र याने टळत नाही. तो किंवा ती जे तपासून सांगेल ते आधी, माझं नंतर.

आधी हे समजून घ्या

पहिल्या आठवड्यात आम्हाला वाटलं, बाबूचं सगळं पुसलं गेलं. नातेवाईक त्याच्याशी लहान मुलाशी बोलावं तसं बोलू लागले, काहीजण तर ओरडून, जणू त्याला ऐकूच येत नाही. थेरपिस्टने आम्हाला समोर बसवून एक जुनी हकिगत सांगितली. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात एक माणूस वर्षानुवर्षं फक्त ‘तान’ एवढंच बोलायचा. हातवाऱ्यांनी, चेहऱ्याने, आवाजाच्या चढउताराने सगळं सांगायचा, लोकांचं त्याला बरंच कळायचं, पण तोंडातून निघायचं ते ‘तान’. १८६१ साली तो वारल्यावर पॉल ब्रोका या डॉक्टरने त्याचा मेंदू तपासला. डाव्या बाजूला, पुढच्या भागात इजा होती. बोलणं जुळवण्याचं काम मेंदूच्या त्या भागाशी बांधलेलं आहे, हे तिथून लोकांना कळायला लागलं. ते ऐकलं आणि आमच्या बाबूचा ‘आता’ आम्हाला वेगळा ऐकू यायला लागला. घरी आल्यावर पाहिलं तर दर ‘आता’चा सूर निराळा होता. भुकेचा वेगळा, रागाचा वेगळा.

उजव्या हाताने कामं करणाऱ्या बहुतेकांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. अपघातात डोकं आपटलं की मेंदू कवटीच्या आत हिंदकळतो. कवटीचा तळ आतून गुळगुळीत नाही. कपाळामागे आणि कानशिलाच्या आत हाडाचे खडबडीत उंचवटे आहेत, त्यांवर मेंदू घासतो. म्हणून डोक्याला मार लागलेल्यांत बोलणं, लक्ष, आठवण आणि राग आवरणं ही चारही कामं पुष्कळदा एकदम बिघडतात. शब्द बहुधा आतच असतो, त्याच्यापर्यंत जायची वाट मोडलेली असते. सकाळी सापडलेला शब्द दुपारी सापडत नाही, संध्याकाळी पुन्हा येतो, याचं कारण हेच. हे नाटक नव्हे, हट्टही नव्हे.

बिघाड एका जातीचा नसतो, आणि जातीप्रमाणे उपाय बदलतो. बाबूला चमचा हवा असायचा आणि तोंडातून यायचं ‘वाटी’. म्हणजे शेजारच्या घरातला शब्द. ‘पक्कड’चं व्हायचं ‘कप्पड’. ‘छत्री’ न सापडता यायचं ‘तें... पावसांत... वयर धरतात तें’. एका संध्याकाळी ‘छत्री’ सापडली आणि मग ती जिभेवरून उतरेचना. भात छत्री, उशी छत्री, मी छत्री. असा एखादा शब्द अडकून बसला की आणखी विचारत राहू नका. विषय सोडा, दोन मिनिटं गप्प बसा, पाणी द्या, मग दुसरंच काही काढा. या सगळ्याला वाचाघात म्हणतात. याहून वेगळं म्हणजे शब्द बरोबर सापडतो, पण जीभ-ओठांचे स्नायू दुबळे पडल्याने उच्चार लोळतो, तो डिसार्थ्रिया. स्नायूंत ताकद आहे, पण त्यांना हुकूम कोणत्या क्रमाने द्यायचा ते मेंदूला जमत नाही आणि तोच शब्द दर वेळी निराळा चुकतो, तो बोलण्याचा अप्रॅक्सिया. आणि काहींची वाक्यं ठाकठीक असतात, पण बोलता बोलता मूळ मुद्दाच हरवतो. एकाच माणसात यांतले दोन-तीन प्रकार असू शकतात.

म्हणून थेरपिस्टकडे जाताना ‘बोलत नाही’ एवढंच सांगू नका. आठवडाभर वही ठेवा. काय म्हणायचं होतं, काय म्हणाला, कधी, कोण समोर होतं. माझी भावजय कॅलेंडरच्या मागच्या बाजूला लिहायची. तिच्या त्या नोंदी पाहूनच थेरपिस्टला कळलं की बाबूचे शब्द दुपारी जेवणानंतर सर्वात जास्त अडतात.

एक गोष्ट मात्र वहीत लिहीत बसायची नाही. सुधारत असलेलं बोलणं अचानक बिघडलं, डोकं वाढत्या जोराने दुखू लागलं, ओकाऱ्या, गुंगी, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, आकडी, यांतलं काहीही दिसलं तर लगेच १०८. कवटीखालचं रक्त काही वेळा आठवड्यांनंतरही हळूहळू साचतं.

बोलण्याआधी जागा शांत करा

आमचं घर म्हणजे पावसाळ्यात पत्र्यावर ताशा वाजतो, आत मिक्सर, टीव्हीवर मालिका, सोप्यावर चार माणसं. निरोगी मेंदू त्यातून हवा तो आवाज वेचतो. मार लागलेल्या मेंदूला ते फार जड जातं. टीव्ही बंद करा, नुसता आवाज कमी करून भागत नाही. समोर बसा, चेहऱ्यावर उजेड पडेल असे. एका वेळी एकानेच बोलावं. वाक्य छोटं ठेवा, पण मोठ्या माणसाशी बोलतो तसंच ठेवा. एका वाक्यात एकच प्रश्न. ‘भात वाढू की पेज हवी, आणि गोळी घेतलीस का?’ हे तीन प्रश्न झाले.

थकवा हा या आजाराचा मोठा भाग आहे आणि तो दिसत नाही. दहा मिनिटं शब्द शोधणं म्हणजे बाबूसाठी दिवसभर खांबावर चढण्याइतकं होतं. सराव सकाळी, झोप पुरी झाल्यावर, दहा-दहा मिनिटांचे दोन-तीन तुकडे करून घ्यावा. एकदम तासभर नको.

थांबायचं कसं

प्रॉम्प्टरला दोन शांतता वेगळ्या ओळखता याव्या लागतात. एका शांततेत नट वाक्य आठवतोय, किंवा मुद्दाम थांबलाय. तेव्हा विंगेतून शब्द फेकला की प्रसंगाची माती होते आणि नट नंतर येऊन भांडतो, ते बरोबरच असतं. दुसऱ्या शांततेत तो खरंच विसरलाय. तिथे उशीर केला तर तो उघडा पडतो. फरक डोळ्यांत दिसतो. आठवणारा नट समोर किंवा वर बघतो. विसरलेल्याची नजर विंगेकडे वळते.

घरी बाबू अडखळायचा तेव्हा आम्ही सगळे त्याच्या तोंडात शब्द घालत होतो. ‘चहा? पाणी? चादर? फोन?’ प्रत्येक शब्द त्याच्या अर्धवट सापडलेल्या शब्दाला धक्का मारून मागे ढकलत होता. थेरपिस्टने सांगितलं, मनात दहापर्यंत मोजा. दहा आकडे समोरासमोर बसून मोजून बघा, किती लांब वाटतात ते. तेवढा वेळ तुमचा चेहरा मोकळा हवा. भुवया उंचावून, मान हलवत, ‘सांग, सांग’ करत मोजलेले दहा कामाचे नाहीत. हात मांडीवर ठेवा, नजर त्याच्यावर असू द्या, टक लावून नको.

आणि मदत हवी की नको, ते त्यालाच ठरवू द्या. डोकं शांत असताना विचारून खूण पक्की करा. आमची खूण आपोआप ठरली. तिसऱ्या महिन्यात एकदा तो अडला आणि त्याने डावीकडे, माझ्याकडे पाहिलं, जसा रंगमंचावरून पाहायचा तसा. मला ओळखता आलं. आता शब्द हवा असेल तर तो डावीकडे बघतो किंवा डावा तळवा उघडतो. तोपर्यंत घरात कुणी तोंड उघडत नाही, पुतण्यासुद्धा.

सूचना कमीत कमीपासून सुरू करा

तळवा उघडला तरी पूर्ण शब्द द्यायचा नाही. प्रॉम्प्टर पूर्ण वाक्य वाचत नाही, पहिलं अक्षर देतो आणि नट पुढचं स्वतः उचलतो. थेरपीतही पायऱ्या अशाच असतात, फक्त आणखी बारीक. स्वतःच्या जोरावर काढलेला शब्द पुढच्या वेळी सोपा होतो.

समजा शब्द ‘बांगडो’ आहे. आधी वस्तूभोवती फिरवा. कुठे मिळतो? बाजारात. कोण विकतं? कसा दिसतो? पाठीवर काय असतं? कशात घालतात? तो उत्तरं देईल, किंवा हाताने दाखवेल, किंवा डाव्या हाताने कागदावर रेघोट्या काढेल. बाबूचा उजवा हात वर्षभर दुबळा होता, तरी डाव्याने तो मासा काढायचा. हे सगळं चालतं. जागा, उपयोग, आकार, जोडीला काय, असं चहूबाजूंनी गेलं की पुष्कळदा शब्द आपणच उडी मारून येतो. नाही आला तर वाक्य अर्धं सोडा: ‘हुमणात (माशाच्या आमटीत) आज घातलाय...’ मग ओठांचा आकार नुसता दाखवा, आवाज न करता. प, फ, ब, भ, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत, तेव्हा मिटलेले ओठ हीच मोठी सूचना होते. मग पहिलं अक्षर, स्वरासकट. ‘ब्’ने बाबूला कधी काही मिळालं नाही, ‘बां’ने मिळतं. तरीही नाही तर दोनांतून निवड द्या: ‘बांगडो की इसवण?’ आणि शेवटी शब्द सरळ सांगा, त्याला एकदा म्हणू द्या, आणि पुढे चला. एका मिनिटाने सहज पुन्हा विचारा, मग पाच मिनिटांनी, मग जेवताना.

आपण चुकीचा शब्द म्हणालो हे त्याला स्वतःलाच कळत असेल तर टोकू नका, तो पुन्हा प्रयत्न करतोच. कळत नसेल तर ‘चूक’ म्हणण्याऐवजी योग्य शब्द वाक्यात घालून परत द्या. तो ‘वाटी’ म्हणाला आणि हात चमच्याकडे आहे, तर ‘हा घे चमचा’.

आम्ही नामांवरच भर देत बसलो, ती चूक झाली. नुसत्या नामांनी वाक्य उभं राहत नाही, क्रियापदं लागतात, आणि काहींना तीच जास्त अडतात. आपल्या भाषेची एक सोय आहे: क्रियापद शेवटी येतं. ‘पोदेराकडून सकाळी उंडे...’ (पोदेर म्हणजे पाववाला, उंडे म्हणजे पाव) म्हणून थांबलं की ‘आणले’ येण्याची वाट मोकळी होते. ‘मेनस्विच...’, ‘बंद केला’. हे त्याच्यासोबत रोज दहा वाक्यं असं चालायचं. शिवाय पोदेर खराच दारात पोंपों वाजवत यायचा, त्या वेळी विचारलेलं वाक्य कार्डावरच्या वाक्यापेक्षा लवकर लागायचं.

शब्द निवडताना त्या माणसाचे निवडा. आम्ही उत्साहात लहान मुलांची चित्रांची कार्डं आणली होती. त्यात जिराफ होता, बर्फाचं घर होतं. बाबूने आयुष्यात किती वेळा ‘जिराफ’ म्हटलं असेल? थेरपिस्ट म्हणाली, त्याची हत्यारांची पेटी आणा. टेस्टर, पक्कड, होल्डर, फ्यूज, टेप. वस्तू हातात घेतली की बोटं आधी बोलतात, मागून तोंड. टेस्टर हातात घेऊन त्याने हवेत स्क्रू फिरवल्यासारखं केलं आणि ‘टे...टेस्टर’ म्हणाला. अपघातानंतरचा ‘आता’ सोडून तो पहिला स्पष्ट शब्द, अडतिसाव्या दिवशी.

पाणी आधी, शब्द नंतर

हे मला सांगायलाच हवं. पायऱ्या शिकल्यावर मी त्या सगळीकडे वापरू लागलो. एका दुपारी बाबूने पेल्याकडे बोट दाखवलं. मी पेला उचलून माझ्याजवळ धरला आणि म्हणालो, ‘काय हवं? सांग. पा...’ त्याने पुन्हा बोट दाखवलं. मी पुन्हा ‘पा...’. तिसऱ्या वेळी त्याने पेला माझ्या हातून हिसकून भिंतीवर मारला आणि रडू लागला. भावजय आतून आली. मला म्हणाली, ‘दादा, तो तहानलाय.’ एवढंच.

तहान, भूक, दुखणं, संडास, भीती, या वेळी शिकवणी नसते. बोटाने दाखवलं, समजलं, द्या. गप्पांच्या मध्येही प्रत्येक शब्द ओढून काढायचा नसतो. तो काहीतरी गमतीचं सांगतोय, तुम्हाला अर्थ कळलाय, तर हसा आणि पुढे चला. सरावाची वेळ वेगळी, जगण्याची वेगळी. दोन्हींच्या मध्ये रेघ असेल तर माणूस सरावालाही आपण होऊन बसतो.

राग लगेच येतो, तो पुष्कळसा इजेचाच भाग असतो. पण हा राग माझ्यामुळे होता.

कोंकणी की मराठी?

यावर आमच्या घरात पंधरा दिवस वाद चालला. जेवण, भांडण, मासळी, बाजार आमच्या घरी कोंकणीत. शाळा, वर्तमानपत्र, आरत्या, नाटक मराठीत. फॉर्म आणि औषधाच्या बाटल्या इंग्रजीत. मोठी आत्या म्हणाली, एकच भाषा ठेवा, नाहीतर त्याचा गोंधळ होईल. तेव्हा आम्ही कोंकणीच ठेवली आणि बाबू आणखी गप्प झाला.

एकाहून जास्त भाषा येणाऱ्याला मार लागला की कोणती भाषा आधी परतते, यावर जुना वाद आहे. १८८१ साली रिबो या फ्रेंच विद्वानाचं मत होतं की आधी शिकलेली आणि जुनी गोष्ट जास्त टिकते. १८९५ साली पित्र या डॉक्टरने म्हटलं, अपघाताआधी सर्वात जास्त वापरात होती ती. प्रत्यक्षात कधी सगळ्या भाषा बरोबरीने सुधारतात, कधी एक पुढे जाते, कधी आज एक आणि उद्या दुसरी. तेव्हा आपल्या माणसाचंच बघायचं. बाबूचे मासे आणि शिव्या कोंकणीत आल्या, आकडे आणि महिने मराठीत, हत्यारं इंग्रजीत. जो शब्द ज्या भाषेत येईल तो घ्यायचा. ‘उदक’ आलं तर ‘पाणी’साठी अडायचं नाही.

थेरपिस्टला पहिल्याच दिवशी सांगा: कोणती भाषा कुणाशी, कशासाठी, वाचायला कोणती, लिहायला कोणती. गोव्यात हे सांगितलं नाही तर तपासणी एकाच भाषेत उरकते आणि माणूस आहे त्यापेक्षा कमी दिसतो. थेरपिस्टला आपली भाषा येत नसेल तर घरच्या माणसाने शेजारी बसून शब्दांची यादी करून द्यावी.

आरती म्हणतो, पण पाणी मागता येत नाही

पहिल्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, सोप्यावर आरती सुरू झाली आणि बाबू सगळ्यांबरोबर गाऊ लागला, शब्द न शब्द. घरात रडारड झाली. एकाने लगेच फोन फिरवले, ‘बाबू बोलायला लागला.’ आरती संपली आणि प्रसाद घेताना त्याला ‘पुरे’ म्हणता येईना.

असं होतं, आणि ते खोटं नसतं. पाठ असलेलं, ठेक्यातलं, सुरातलं बोलणं मेंदूत काहीसं वेगळ्या वाटेने येतं आणि त्यात उजव्या अर्ध्याचा वाटा मोठा असतो. वार, आकडे, देवाची नावं, शिव्या, ‘कसो आसा?’ला ‘बरो आसां’, हे आधी येतं. तेवढ्यावरून बोलणं परतलं असं धरून त्या माणसाकडून जास्त मागू नका, नाहीतर त्याला वाटतं आपणच कमी पडलो.

पण या वाटेचा उपयोग होतो. १९७३ साली बॉस्टनच्या तज्ज्ञांनी सुरातून बोलायला शिकवण्याची एक पद्धत मांडली. ज्यांना दुसऱ्याचं समजतं पण स्वतःचं वाक्य निघत नाही, त्यांच्यासाठी ती मुख्यतः आहे. थेरपिस्टने ती आम्हाला अशी करून दाखवली: रोज लागणारं छोटं वाक्य घ्यायचं, ‘म्हाका उदक जाय’ (मला पाणी हवं). बोलण्याच्या चढउतारालाच थोडं ताणून दोन-तीन सुरांत म्हणायचं, आणि दर अक्षराला त्याचा डावा हात मांडीवर हलकेच टेकवायचा. आधी मी गातो, मग दोघं मिळून, मग मी मध्येच आवाज काढून घेतो, मग तो एकटा. पुढे सूर कमी करत करत साध्या बोलण्यावर आणायचं. ओळखीच्या गाण्याची चाल लावू नका. चाल ओळखीची असली की तोंडात त्या गाण्याचेच शब्द येतात. बाबू जुना गायक नट, त्याच्याबाबतीत हे हटकून घडलं.

माटोळी

गेल्या तीन चवथींना आमचा सर्वात चांगला सराव माटोळीखाली झालाय. वर्षाला एकदाच येतो, पण त्याची तयारी आठ दिवस चालते. गणपतीच्या वर बांधलेल्या चौकटीला नारळ, सुपारीचे कातरे, आंबाडे, तोरिंगं, चिबूड, दोडकी, पडवळ, निरफणस, रानातली फळं, सगळं टांगलेलं. एका गटातल्या इतक्या वस्तू एका नजरेत दुसरीकडे कुठे सापडायच्या? सुरुवातीला मी नाव घ्यायचो आणि तो बोट दाखवायचा. हे सोपं, कारण ओळखणं हे आठवण्यापेक्षा हलकं. दुसऱ्या वर्षी बोट माझं, नाव त्याचं. तिसऱ्या वर्षी बाजाराला जायच्या आधी त्याने पाहिल्याशिवाय यादी सांगितली. नऊ नावं. यातलं जड काम ते शेवटचं, डोळ्यांपुढे काही नसताना गटातली नावं काढणं.

बाकी वर्षभर हेच मासळीबाजारात, भुसारी दुकानात, देवळाच्या वाटेवर होतं. पैसे त्यालाच देऊ द्या, आकडा त्यालाच बोलू द्या. मागे रांग वाढली तर माझ्यासारखं कुणीतरी रांगेला सांगावं, ‘एक मिनिट राव.’

खिशातलं कार्ड, फोनमधले फोटो

दुसऱ्या वर्षी तो एकटा बसने निघाला. कुठे उतरायचं ते गावाचं नाव ऐन वेळी सापडेना, बोलणं लोळलं, आणि बसमधल्या माणसांनी तो प्यायलेला आहे असं ठरवून त्याला भलत्याच थांब्यावर उतरवलं. तो घरी आला आणि चार दिवस कुणाशी बोलला नाही. त्यानंतर कार्ड केलं. कोंकणी, मराठी, इंग्रजी, तिन्ही भाषांत: ‘माझ्या मेंदूला इजा झाली आहे. मला तुमचं बोलणं समजतं. शब्द सापडायला वेळ लागतो. कृपया थांबा.’ खाली घरचा फोन. प्लास्टिकमध्ये घालून शर्टाच्या खिशात.

फोनमध्ये फोटोंचे वेगळे गट केले: माणसं, जेवण, दुखण्याच्या जागा, थांबे, दुकानं. शब्द नाही सापडला तर फोटो दाखवायचा. याने बोलणं आळसावतं असं काहीजण म्हणाले. आमचा अनुभव उलटा आहे. दाखवता येतं हे कळलं की घाई सुटते आणि पुष्कळदा शब्दच पुढे येतो.

हो-नाहीची खात्री करून घ्या. मान ‘हो’ हलते आणि म्हणायचं ‘नको’ असतं, असं बराच काळ होतं. ‘चहा हवा?’ला ‘हो’ आलं तर क्षणभराने ‘चहा नको ना?’ असंही विचारा. दोन्हींना ‘हो’ आलं तर अंगठा वर, अंगठा खाली.

आणि कागदपत्रं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत वाणी व भाषा दिव्यांगत्व आहे, आणि त्याच्या व्याख्येत वाचाघाताचं नाव आहे. हात-पाय धडधाकट आहेत म्हणून प्रमाणपत्र मिळणार नाही असं समजून बसू नका. डॉक्टरांना त्याबद्दल आणि यूडीआयडी कार्डाबद्दल (दिव्यांगांच्या ओळखपत्राबद्दल) विचारा. हे बिघाड कायम राहतील असं दिसल्यावरचं काम आहे. सुधारणा पहिल्या काही महिन्यांत वेगाने होते, पुढे हळू होते, पण वर्षांनंतरही होत राहते. बाबूने चौथ्या वर्षी ‘अर्थिंग’ परत मिळवलं.

भेटायला जाणाऱ्यांना

गावात कुणी आजारी पडलं की सगळे भेटायला येतात, ते प्रेमच आहे. पण एकदम आठजण जाऊ नका. दोघं जा, वीस मिनिटं बसा. ‘मला ओळखलंस? नाव सांग बघू’ हे विचारू नका. त्याने तुम्हाला ओळखलंय. माणसांची नावं ही सर्वात निसरडी असतात. स्वतःच नाव सांगून टाका. त्याच्याबद्दल त्याच्या बायकोला विचारू नका, त्याला विचारा, आणि उत्तराला उशीर झाला तरी तिच्याकडे बघू नका. शब्द द्यायची वेळ आलीच तर हळू द्या. विंगेतला शब्द नटाला ऐकू जायचा असतो, लोकांना नाही. कळलं नाही तर कळल्याचं भासवू नका. ‘मला एवढं कळलं, पुढचं राहिलं’ असं सांगा आणि जिथवर कळलं ते परत म्हणून दाखवा.

तुमच्याकडे गावाची बातमी असेल तर सांगा, यंदाचं नाटक कोणतं, शिवराय कोण करतोय, कुणाच्या बागायतीत पाणी शिरलं. चार वर्षं त्याला सगळे तब्येतच विचारतात.

निघताना ‘येतां’ म्हणा आणि सोप्याच्या पायरीवर थांबा. बाबू ‘यो’ म्हणतो. कधी त्याला चार आकडे लागतात, कधी बारा. तोवर चपला घालू नका.